ऊस, चिपाड आणि फाटणारा खंड

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हेली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याच्या उद्रेकाची लिखित इतिहासात नोंद नव्हती, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या आकाशात येऊन पोचली. काही विमानफेऱ्या रद्द झाल्या. मग व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीचा नकाशा फिरू लागला: आफ्रिकेचे दोन तुकडे, मधे निळा समुद्र, खाली लालभडक रस.

नकाशातला समुद्र एक वेळ चालेल. माझी तक्रार त्या लालभडक रसाबद्दल आहे. जमीन म्हणजे पातेल्यावरचं झाकण, खाली रस्सा उकळतोय, झाकणाला तडा गेला की रस्सा बाहेर, अशी समजूत त्या चित्रातून पक्की होते. ही समजूत धरून बसलं तर पुढचं काहीच कळत नाही. काही खंड फाटताना पृथ्वीने लाखो चौरस किलोमीटरवर लाव्हा ओतला आणि काही खंड फाटताना जवळजवळ काहीच ओतलं नाही, ते का? मुंबईच्या मढ-गोराईचा दगड महाबळेश्वरच्या दगडापेक्षा वेगळा का? याची उत्तरं झाकणात नाहीत, खालच्या दगडात आहेत.

खाली रस्सा नाही, दगडच आहे

आपण ज्यावर उभे आहोत ते भूकवच. खंडांखाली ते साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं. त्याखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. आणि प्रावरण घन आहे. भूकंपाच्या लहरींचा एक प्रकार द्रवातून जाऊच शकत नाही, पण प्रावरणातून आरपार जातो. एवढा पुरावा पुरेसा आहे.

घन म्हणजे हलत नाही असं मात्र नाही. मे महिन्यात देव्हाऱ्यातली मेणबत्ती न वितळताच वाकते, तसा हा दगड लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो. दर वर्षी काही सेंटिमीटर, बस्स.

या दगडाचं नाव पेरिडोटाइट. रंग शेवाळी हिरवा, कारण त्यात निम्म्याहून जास्त ऑलिव्हीन हे खनिज असतं. ऑलिव्हीनचा स्वच्छ, पारदर्शक खडा म्हणजे सराफाकडे मिळणारा पेरिडॉट. इजिप्तच्या किनाऱ्याजवळ, तांबड्या समुद्रात झबरगड नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे हे खडे प्राचीन काळापासून खणले जात होते. ते बेट म्हणजे खंड फाटताना वर आलेला प्रावरणाचा तुकडाच आहे, हे बऱ्याच उशिरा कळलं. इतक्या लांब जायचं नसेल तर कच्छला जा. भुजच्या भुजिया डोंगराच्या काळ्या दगडात हिरवट गोळे अडकलेले असतात. शिलारस, म्हणजे जमिनीखाली वितळलेला दगड, वर येताना वाटेतल्या प्रावरणाचे टवके सोबत घेऊन आला, ते हे.

आच न वाढवता वितळणं

दगड घन आहे, तर मग लाव्हा कुठून येतो? इथे कुकरची मदत घेऊ.

कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, तरी ते खळाळून उकळून संपत नाही, कारण वरून वाफेचा दाब असतो. गॅस बंद करून घाईने शिट्टी उचलली की काय होतं ते प्रत्येक स्वयंपाकघरात कुणीतरी एकदा अनुभवलेलं असतं. आच वाढवलेली नसते. दाब कमी केलेला असतो.

प्रावरणाचं असंच आहे. १०० किलोमीटर खोलीवर पेरिडोटाइट साधारण १३५० अंश सेल्सियस तापलेला असतो. पण तिथल्या दाबाखाली वितळायला त्याला सुमारे १४५० अंशांच्या पुढे जावं लागेल. म्हणून तो घन. आता हाच दगड हळूहळू वर आणला तर त्याचं तापमान फारसं उतरत नाही, किलोमीटरमागे अर्ध्या अंशाच्या आसपास. वितळण्याचा बिंदू मात्र किलोमीटरमागे तीन-चार अंशांनी खाली येतो. कुठेतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि दगड वितळू लागतो.

पण वर आणतो कोण? खंड ताणला जातो तेव्हा कणकेच्या गोळ्यासारखा मधे पातळ होतो. ती जागा पोकळ राहू शकत नाही, खालचं प्रावरण ती भरायला वर सरकतं. एवढंच. बाहेरून कुणी भट्टी पेटवावी लागत नाही.

रसवंतीगृहातला भूगर्भ

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पेरिडोटाइट अख्खा वितळत नाही. फार तर १०-२० टक्के वितळतो, आणि तोही निवडून.

उसाचा रस काढताना बघा. पहिल्या फेरीत भरपूर, गोड रस. चिपाड दुमडून, आलं-लिंबू घालून पुन्हा चरकात घातलं की थोडा आणखी. चौथ्या फेरीला चरक नुसताच कुरकुरतो. ऊस तोच, पण प्रत्येक फेरीनंतर तो वेगळा झालेला असतो.

पेरिडोटाइटमधला रस म्हणजे कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, सोडियम असलेली खनिजं. ती आधी वितळतात आणि त्यांच्यापासून बेसाल्टचा शिलारस बनतो. सह्याद्रीचा काळा कातळ, पाटा-वरवंट्याचा दगड, लेण्यांचा दगड, सगळा हाच. मागे उरतं ते चिपाड: ऑलिव्हीन आणि एका प्रकारचं पायरॉक्सीन उरलेला, रुक्ष, हलका झालेला दगड. त्याला हार्झबर्गाइट म्हणतात. हे नाव पुन्हा येणार नाही, चिपाड म्हटलं तरी चालेल.

म्हणजे प्रावरणाचा एखादा तुकडा हातात आला की तो पिळलेला आहे की रसाळ, हे खनिजांवरून सांगता येतं. खोलीही सांगता येते. अ‍ॅल्युमिनियम फार खोलवर गार्नेटमध्ये बसतं, सुमारे ७५-८० किलोमीटरच्या वर आलं की स्पिनेल नावाच्या खनिजात, आणि अगदी उथळ, ३० किलोमीटरच्या वर, प्लॅजिओक्लेजमध्ये. दगड वर येताना जणू कपडे बदलत येतो, आणि घाईत एखादा जुना सदरा अंगावर राहूनच जातो. भूवैज्ञानिक नेमका तोच सदरा शोधत असतात.

रसातही खोली कळते. खंड अजून जाड असताना वितळणं फार खोलवर आणि थोडंसंच होतं. अशा रसात सोडियम-पोटॅशियम आणि वायू भरपूर असतात. खंड पातळ होत गेला की वितळणं उथळ आणि जास्त होतं, रस साध्या बेसाल्टकडे झुकतो. शेवटी खंड पुरता तुटला की महासागराच्या तळाचा, जगभर जवळपास एकसारखा असलेला बेसाल्ट तयार होतो, सरासरी सात किलोमीटर जाडीचा.

पोलादपूरहून महाबळेश्वरला, नव्या माठातून

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आला, बहुतांश दहा लाख वर्षांच्या आत. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सगळा सारखाच काळा दिसतो, पण १९८०च्या दशकात भूवैज्ञानिकांनी घाटाघाटांतून नमुने गोळा केले आणि रासायनिक फरकांवरून थर पाडले. त्यांना नावं दिली ती आपल्याच गावांची आणि घाटांची, खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. एसटीने पोलादपूरहून अंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणारा माणूस तीन थर ओलांडतो. नाव आणि काळ एकाच क्रमाने सरकतात, ही सोय फार थोड्या ठिकाणी असेल.

आता गंमत बघा. पोलादपूरच्या खालचा बुशे थर भूकवचाच्या ग्रॅनाइटने सगळ्यात जास्त ‘बाटलेला’ आहे. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन प्रकारांचं प्रमाण मोजलं की ते कळतं, कारण जुन्या ग्रॅनाइटमध्ये त्यातला एक प्रकार साठत गेलेला असतो. पोलादपूर थरात ही भेसळ कमी होते. अंबेनळीत ती जवळजवळ नाहीशी होते, तिथला रस थेट प्रावरणाची चव सांगतो.

नवा माठ आणला की पहिले काही दिवस पाण्याला मातीची चव येते. माठ मुरला की पाणी पाण्यासारखं लागतं. शिलारसाच्या वाटांचंही तसंच झालं असावं. सुरुवातीला वाट नवी, रस वाटेतल्या ग्रॅनाइटला वितळवत, त्यात मिसळत, रेंगाळत आला. पुढे वाटा मोकळ्या झाल्या, आतून काळ्या दगडाने अस्तरल्या गेल्या, रसाचा ओघही वाढला, आणि तो न बाटता वर पोचू लागला.

मुंबईची गोष्ट याच्या उलट, आणि नंतरची. मढ, मनोरी, गोराई इथे काळ्या बेसाल्टऐवजी फिकट, सिलिका जास्त असलेले रायोलाइट आणि ट्रॅकाइट हे दगड सापडतात. त्यांचं वय सुमारे ६.२५ कोटी वर्षं, म्हणजे मुख्य लाव्हापेक्षा तीस-पस्तीस लाख वर्षांनी कमी. नेमका हाच काळ सेशेल्स (आज हिंदी महासागरात असलेली बेटं) भारतापासून तुटण्याचा आहे. खंड ताणला जात होता, रसाचा मुख्य ओघ ओसरला होता, आणि जो थोडा रस उरला तो कवचातच अडकून, निवत, बदलत राहिला. कढईत राहिलेला पाक जसा आटून वेगळाच होतो तसा. ताणाची दुसरी खूण पनवेलजवळ दिसते. घाटात जवळपास आडवे असलेले लाव्हाचे थर तिथे पश्चिमेला, समुद्राकडे, कलतात. भूवैज्ञानिक त्याला पनवेलची वाकण म्हणतात. कोकणात उत्तर-दक्षिण धावणाऱ्या काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, त्याही याच ताणाच्या. जमीन पूर्व-पश्चिम ओढली गेली की भेगा उत्तर-दक्षिण पडणार आणि रस त्यांतूनच घुसणार.

‘म्हणजे सह्याद्री हा मूळचा समुद्रतळ का?’ असा प्रश्न हमखास येतो. नाही. कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विवरं खोदली, तेव्हा एका ठिकाणी सुमारे ९३० मीटरवर काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला, अब्जावधी वर्षांचा. लाव्हा खंडावर पांघरलेली गोधडी आहे, खाली खंडच आहे.

आणि रस आलाच नाही तर?

१९८५ साली एक संशोधन जहाज स्पेनच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर, गॅलिशियाजवळ, समुद्रतळ खोदत होतं. स्पेन-पोर्तुगाल आणि कॅनडाचं न्यूफाउंडलंड एकेकाळी चिकटलेले होते. डायनोसॉरांच्या काळात ते तुटले. तुटण्याच्या रेषेवर लाव्हा मिळायला हवा होता. मिळालं सर्पेंटाइन, म्हणजे पाणी प्यायलेलं प्रावरण. पुढे १९९३ आणि १९९७च्या मोहिमांनी पोर्तुगालसमोरही तेच दाखवलं. खंड संपतो, बेसाल्ट सुरू होत नाही, आणि मधे कितीतरी किलोमीटर नुसतं प्रावरण समुद्रतळावर उघडं पडलेलं.

असं कसं झालं? चहा कपातून बशीत ओतला की झटकन निवतो. इथे खंड इतक्या संथपणे ताणला गेला की वर सरकणारा दगड वाटेतच निवत गेला. दाब कमी झाला, पण तोवर उष्णताही गेली होती. शिवाय जो दगड आधी वर आला तो ताजा नव्हता, कोट्यवधी वर्षं खंडाच्या तळाशी चिकटून गार पडलेला होता. तो भेगांवरून घसरत, चादर ओढून घ्यावी तसा, खंडाखालून बाहेर आला.

समुद्राचं पाणी त्या भेगांतून आत शिरलं. ऑलिव्हीन आणि पाणी यांची अभिक्रिया होऊन सर्पेंटाइन बनतं. दगड फुगतो, हलका होतो (घनता ३.३ वरून २.६ पर्यंत उतरते), निसरडा होतो. आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

चिपाडाची उपमा इथे एक पाऊल पुढे जाते. आल्प्समध्ये जुन्या, नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राच्या काठचे असेच तुकडे डोंगर होऊन उभे आहेत. ते तपासले तेव्हा दिसलं की खंडाजवळचं प्रावरण जुनं, गार, स्पिनेल असलेलं. त्यापुढच्या पट्ट्यात मात्र त्याच दगडात नवं प्लॅजिओक्लेज शिंपडल्यासारखं. खोलवर थोडा रस सुटला होता, पण तो वर फुटू शकला नाही. गार दगडात झिरपला आणि तिथेच थिजला. जणू रस परत चिपाडावर ओतला आणि चिपाडाने तो शोषून घेतला. ज्वालामुखी दिसला नाही म्हणजे शिलारस नव्हताच, असं म्हणता येत नाही, हे या दगडांनी शिकवलं. मला तरी हा या विषयातला सगळ्यात सुंदर शोध वाटतो.

यातला एक तुकडा स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या डोक्यावर आहे. दर जानेवारीत जिथल्या गुंतवणूक करारांच्या बातम्या आपल्याकडे झळकतात, तेच दावोस. तिथल्या त्या डोंगरउताराचं नाव टोटआल्प, म्हणजे मेलेलं कुरण. प्रावरणाच्या दगडावर गवत नीट उगवत नाही, आणि गुराख्यांना ते भूवैज्ञानिकांच्या आधी माहीत होतं.

मग ठरवतं कोण?

मुख्यतः तीन गोष्टी: प्रावरण किती गरम, ताण किती वेगाने, आणि ऊस किती रसाळ. १९८९ साली केंब्रिजच्या रॉबर्ट व्हाइट आणि डॅन मॅकेन्झी यांनी पहिल्या गोष्टीचा हिशेब मांडला. प्रावरण नेहमीपेक्षा शंभर-दीडशे अंशांनी गरम असेल तर रस कित्येक पटींनी वाढतो. ग्रीनलंड-नॉर्वे, ब्राझील-नामिबिया आणि भारत-सेशेल्स इथे असंच झालं असं त्यांचं म्हणणं. ही जास्तीची उष्णता खोलवरून उठणाऱ्या तप्त खांबातून येते असं बहुतेक मानतात. सगळे नाही.

काही जण या विभागणीलाच हरकत घेतात: ‘म्हणजे दोनच प्रकार झाले, रसवाले काठ आणि कोरडे काठ?’ पाठ्यपुस्तकांनी तसंच लिहिलं होतं. २०१७ साली दक्षिण चीन समुद्रात दोन मोहिमा नेमकं हेच तपासायला गेल्या. तिथला काठ स्पेनसारखा कोरडा असेल आणि सर्पेंटाइन लागेल अशी शक्यता धरली होती. लागला बेसाल्ट. ना दख्खनसारखा महापूर, ना स्पेनसारखा दुष्काळ, मधलंच काहीतरी. आणि तांबडा समुद्र तर एकाच वेळी दोन्ही दाखवतो: दक्षिण टोकाला इथिओपियाकडच्या अफार भागाचे धगधगते ज्वालामुखी, उत्तरेला झबरगडचं उघडं प्रावरण.

आफ्रिका उद्या फुटणार का?

नाही. अरबस्तान आफ्रिकेपासून वर्षाला दीड-दोन सेंटिमीटर सरकतोय, आपली नखं वाढतात त्याच्या निम्म्या वेगाने. पूर्व आफ्रिकेची खचदरी त्याहून मंद, वर्षाला काही मिलिमीटर. २०१८ साली केनियातल्या एका भेगेचे फोटो जगभर फिरले होते. अनेक भूवैज्ञानिकांच्या मते ती मुख्यतः मुसळधार पावसाने मऊ राख धुऊन नेल्यामुळे उघडी पडली होती.

पण ‘मंद’ म्हणजे रोज थोडंथोडं असंही नाही. सप्टेंबर २००५ मध्ये अफारच्या दब्बाहू भागात काही आठवड्यांत ६० किलोमीटर लांबीची डाइक जमिनीखाली घुसली आणि जमीन काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत फाकली. कित्येक शतकांचा साठलेला ताण एका झटक्यात वसूल. वर लाव्हा म्हणावा तर अगदी थोडा आला. कोकणातल्या डाइक अशाच एकेका झटक्याने घुसल्या असणार. त्या वेळी पाहायला इथे माणूस नव्हता, इतकंच.

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी

दोन उत्तरं देतो. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं ते याच फाटलेल्या काठावरच्या गाळात. असा काठ ताणला जाताना किती तापला आणि नंतर कसा निवला, यावर गाळातल्या सेंद्रिय पदार्थाचं तेल होणार, वायू होणार की काहीच नाही, हे ठरतं. दुसरं, सर्पेंटाइन बनताना सुटणारा हायड्रोजन. जमिनीतून मिळणाऱ्या नैसर्गिक हायड्रोजनच्या शोधात आज बरेच देश आहेत, आणि पहिला प्रश्न एकच असतो: प्रावरणाचा दगड पाण्याला कुठे भेटतो?

आपल्या काठाखालचं प्रावरण

मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली लक्ष्मी नावाची डोंगररांग आहे, भारतापासून तुटलेल्या खंडाची फाक. तिच्या अलीकडे लक्ष्मी खोरं. २०१५ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने तिथे समुद्रतळाखाली एक किलोमीटरहून खोल विवर पाडलं. तळाशी बेसाल्ट लागला. त्याखाली काय आहे, चिपाड की रसाळ ऊस, हे त्या विवरातून कळणार नव्हतं, तेवढ्या खोलवर ते गेलंच नाही.

पण मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर लॅम्प्रोफायर नावाच्या दगडाच्या डाइक आहेत. खोलवरून, वायूच्या जोराने, घाईने वर आलेला हा रस. त्यात भूकवचाच्या तळाचे आणि प्रावरणाचे तुकडे अडकलेले सापडले आहेत. आकार मुठीएवढे, काही त्याहून लहान. किल्ला पाहायला जाणारे लोक त्यांच्या शेजारून होडीकडे जातात.